पोखरलेल्या बिया

सोहारपासून थोडं आत, मोठ्या रस्त्याच्या अलीकडे
आमची झाडांची बाग. तिकीट नाही,
फाटकावर फक्त एक वही
आणि सुतळीला बांधलेलं पेन.
पहाटपाळीचे कामगार दुपारी येतात,
बाभळीखाली चपला उशाला घेऊन आडवे होतात.
वहीच्या शेवटच्या रकान्यात, 'भेटीचं कारण',
ते लिहितात : सावली.
महिनाअखेरीच्या अहवालात मी त्यांनाही धरते.

माझं काम पाट्यांचं, नोंदींचं.
झाड क्रमांक एकशे सतरा. अरबीत गाफ,
लॅटिनमध्ये लांबलचक काहीतरी,
आणि पाटीच्या मागे, खोडाकडे तोंड करून,
कोणी सांगितलं नसताना
खिळ्याने कोरलेलं माझं एक अक्षर जास्त : शमी.
दसऱ्याला पुजायची, मग वर्षभर विसरायची,
ती इथे भर वाळूत, कोणाच्या पूजेवाचून हिरवी.
पांडवांनी हिच्यात शस्त्रं लपवली होती,
मी खल्फानला सांगितलं.
तो म्हणाला, आम्ही पाण्याच्या पखाली टांगायचो.
आणि नळीतून कॅमेरा खाली सोडत राहिला :
चार मीटर, सहा, नऊ,
तिथे एक केसाएवढं पांढरं मूळ,
अजून खालीच निघालेलं.

मंगळवारी शाळा येते.
झुवैनाबाई, पाचवीचा वर्ग, एकवीस टोप्या.
शंभर बिया ताटात, हातात भिंग.
भुंगेऱ्याने पोखरलेल्या वेगळ्या काढायच्या;
धडक्या बिया कागदी पाकिटातून
उणे वीस अंशांच्या खोलीत जातात,
आपण नसू तेव्हा कोणाला लागल्या तर म्हणून.
त्या दिवशी सदतीस निघाल्या भोकाच्या.
मी केराची बादली पुढे केली.

रय्या नावाच्या मुलीने मूठ मिटून घेतली.
"हे भोक आत शिरायचं, की बाहेर पडायचं?"
बाहेर पडायचं, मी म्हटलं.
"म्हणजे आता आत कोणी नाही."
नाही.
"मग राहिलेलं बीचंच ना?"

दापोलीला चार वर्षं शिकले मी,
बियांवर परीक्षा दिल्या,
आणि बादली हातात धरून उभी राहिले.

सदतीसच्या सदतीस पेरल्या, वेगळ्या ट्रेमध्ये.
खल्फान हसला : शेळी काय वेगळं करते?
खाते, चघळते, टाकते,
आणि तिच्यामागून रान चालत येतं.
आठव्या दिवशी दोन हिरवे आकडे.
एकाचं दल अर्धं कुरतडलेलं, कडेला दातांची नक्षी,
तरी कोंब सरळ.
नोंदवहीत 'पोखरलेल्या' पुढे एकच रकाना होता : 'टाकल्या'.
मी पट्टी घेऊन नवा आखला.
रेघ जरा तिरकी गेली. राहू दे.

जूनच्या लूमध्ये त्यातलं एक गेलं,
ज्याची दलं धड होती ते.
तेही लिहिलं, तारखेसकट, तापमानासकट;
मेलेलं झाडही इथे काहीतरी सांगून जातं,
फक्त ते त्याच दिवशी टिपायला हवं.
दुसरं आहे. तेरा सेंटिमीटर.
गुडघ्याच्या वर गेल्याशिवाय
पाटी मिळत नाही, असा बागेचा नियम,
म्हणून अजून त्याला क्रमांक नाही,
कुठल्याच भाषेत नाव नाही.

सुट्टीतही शुक्रवारी संध्याकाळी
एक मुलगी येते, खिशात शाळेची पट्टी.
वाकते, मोजते, बोटांवर काहीतरी करते, जाते.
फाटकावरच्या वहीत काल पाहिलं :
रय्या, वय दहा,
वेळ पाच वाजून चाळीस,
भेटीचं कारण : तपासणी.